शाळेतला आवाज

दिवा हिरवा होता, म्हणून त्या सकाळीही मंदाकिनीला कुणी काही विचारलं नाही.

तिचे यजमान दिगंबर शेवाळे आंघोळ करून बाहेर आले, फळीवरच्या सोबतीकडे एक नजर टाकली, समाधानाने मान हलवली आणि चहाचा कप उचलला. नाशिकहून लेकीचा, केतकीचा मेसेज आला, "आई, आजपण हिरवा! भारीच!" समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "काय हो बाई, हिरवा ना?"

"हिरवा, हिरवा!" मंदाकिनी म्हणाली आणि काकू निश्चिंत होऊन आत गेल्या.

कराडात अलीकडे हे असंच चाललं होतं. ज्या घरात मोठं दुखणं होऊन गेलं, त्या घरात सोबती आला होता. पूर्वी लोक 'कसं काय, बरं आहे ना' म्हणायचे, तिथे आता दिव्याचा रंग विचारायचे. विचारायला सोपं, सांगायलाही सोपं.

सोबती दिसायला बुंदीच्या लाडवाएवढा. पांढरा, गुळगुळीत, कमरेशी प्रकाशाचं एक कडं. पण तो का जन्माला आला हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, जखम भरते आणि घरचे म्हणतात, सुटलो. पुष्कळ बायकांची खरी घसरण तिथून पुढे सुरू होते. झोप उडते, नाहीतर झोपूनच राहावंसं वाटतं. आवडीच्या गोष्टी बेचव होतात. आपण घरावर ओझं झालो, हा विचार मनातून हलत नाही. याला नैराश्य म्हणतात. तो स्वभावाचा दोष नाही. मधुमेहासारखा, दम्यासारखा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. पंचाईत एवढीच, की तो बाहेरून दिसत नाही. तपासणीच्या दिवशी दाराबाहेर रांग असते. डॉक्टर विचारतात, "बाकी ठीक?" बाई म्हणते, "ठीक." विषय संपला.

मग संशोधकांनी ठरवलं, बाई काय म्हणते हे सोडा. ती कसं म्हणते ते पकडू. शेजारच्या खोलीत दोन माणसं बोलत असली, तर भिंतीतून शब्द कळत नाहीत, तरी भांडण चाललंय की गंमत, हे आपल्याला कळतंच ना? सोबती तेच करतो. तो शब्द साठवत नाही. आवाज किती वर चढला, किती खाली उतरला, दोन वाक्यांत किती थांबला, वाक्याचं शेपूट गळून पडलं का, एवढंच मोजतो. मन बुडालं की श्वास उथळ होतो, स्वरयंत्राचे स्नायू आळसावतात आणि बोलणं सपाट होतं. ते सपाटपण आपल्या कानाला कळायच्या कितीतरी आधी यंत्राला कळतं. सगळं ठीक असेल तर कडं हिरवं, घसरण दिसली तर नारिंगी, फार झालं तर तांबडं. तोच रंग घरच्यांच्या फोनवर आणि रुग्णालयात उमटतो.

पण सपाट म्हणजे कशाच्या मानाने सपाट? एखादी बाई मुळातच संथ बोलते, एखादी मुळातच कलकलाट करते. आई लेकराच्या कपाळाला हात लावते, तेव्हा तिच्या तळव्याला त्याची रोजची ऊब ठाऊक असते; म्हणून तर ताप कळतो. तसा सोबतीलाही आजाराच्या आधीचा आवाज शिकवावा लागतो. त्याला म्हणायचं मूळ आवाज. पुढचं सगळं मोजमाप त्याच्याशी ताडून.

शेवाळ्यांच्या घरी चूक झाली ती इथे.

"आजारापूर्वीचं त्यांचं बोलणं हवंय, भरपूर हवंय," शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फरीदा मुजावर यांनी सांगितलं होतं. बापलेक फोन घेऊन बसले. लग्नं निघाली, बारशी निघाली, महाबळेश्वरची सहल निघाली. मंदाकिनी कशातच नव्हती. प्रत्येक वेळी फोन तिच्याच हातात असायचा. एका ठिकाणी फक्त तिचं "जरा उजेडात या" एवढं ऐकू आलं.

"पप्पा, आईचे धडे!" केतकी एकदम ओरडली.

मंदाकिनी नगरपालिकेच्या शाळेत दुसरीला शिकवायची. एका वर्षी शाळेच्या छपराचं काम निघालं, तेव्हा पोरांचं बुडू नये म्हणून तिने घरी बसून पाढे, कविता, हातच्याची वजाबाकी, असं सगळं फोनवर बोलून ठेवलं होतं. तालुक्यातल्या कितीतरी आयांनी ते आपल्या पोरांना ऐकवलं. तासन्‌तासांचा खजिना. "काय गोड बोलतेस गं," दिगंबर म्हणाले, आणि तो सगळा खजिना त्यांनी सोबतीला देऊन टाकला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मंदाकिनीलाही नाही. दुसऱ्या दिवशी तिला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार होते.

प्राथमिक शाळेतल्या बाईला दोन आवाज असतात. एक शाळेतला. तो शेवटच्या बाकापर्यंत जातो, झोपाळ्यासारखा वरखाली होतो, दर दोन वाक्यांनी प्रश्न विचारतो आणि स्वतःच आनंदतो. दुसरा घरातला. मंदाकिनीचा घरातला आवाज ठेंगणा होता, किंचित खरखरीत, शब्दांच्या बाबतीत काटकसरी. "ठेवलंय." "बघते." "असू दे." या दुसऱ्या बाईची सोबतीशी ओळखच करून दिली नव्हती.

डावा स्तन काढला. औषधांच्या फेऱ्या झाल्या. केस गेले, पुन्हा बारीक उगवले. मंदाकिनी घरी आली आणि दिवा तांबडा लागला तो लागलाच.

तो खोटं सांगत नव्हता. ती खरंच बुडत होती. शाळेची रजा संपली तरी ती गेली नाही. ब्लाउज शिवायला टाकला होता तो आणायला गेली नाही. दिगंबरांनी दुकान बंद ठेवून घरी बसायला सुरुवात केली. चावडी चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकं येऊन कुलूप बघून जात. केतकी नाशिकहून धावत आली, गेली, पुन्हा आली. नवी नोकरी होती तिची.

"साहेब काय म्हणाले?" मंदाकिनीने विचारलं.

"काही नाही."

"केतू."

"म्हणाले, तुमच्या आईचा दिवा तुम्ही बघायचा की आमचं काम बघायचं, ते एकदा ठरवा." केतकी हसली, पण ते हसू नव्हतं. "जाऊ दे गं. तू बरी हो."

बरी हो, बरी हो. जणू बरं होणं हे तिने फळीवर ठेवून दिलं होतं आणि आळसाने काढत नव्हती. मुजावर डॉक्टरांचाही फोन आला, "पुढच्या आठवड्यात या, निवांत बोलू." मंदाकिनी बरं म्हणाली. अंगावर घेतलेली चादर तिने आणखी वर ओढली.

त्यानंतर शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शेवाळे बाई, पोरं अडून बसलीत. स्पीकरवर टाकते हं."

"बाई, तुम्ही कधी येणार?" "बाई, नवीन बाई हातचाच विसरतात!" "बाई, बाई, माझा दात पडला!"

मंदाकिनी पलंगावर उठून बसली. काय झालं ते तिलाही कळलं नाही. घसा साफ झाला आणि तो आवाज आपोआप बाहेर आला.

"कोण बोलतंय? ओंकार? अरे वा! मग दात छपरावर टाकलास की नाही?"

"बाई, आमचा स्लॅब आहे!"

"मग स्लॅबवर टाक! उंदराला काय, जिनासुद्धा चालतो. चला, आता सगळ्यांनी हात वर... सातचा पाढा कोण म्हणणार?"

सातचा झाला, आठचा झाला. फोन ठेवून ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. आत काहीच हललं नव्हतं. नळ सोडला, पाणी वाहिलं, नळ बंद केला.

"मंदा! अगं मंदा!" दिगंबर हातातला झारा घेऊन फळीपुढे उभे होते. "हिरवा! हिरवा झाला!" त्यांचे डोळे भरून आले होते. केतकी ओल्या केसांनी धावत आली आणि आईला उजव्या बाजूने, जपून, घट्ट बिलगली. त्या दिवशी घरात गोडाचा शिरा झाला. कित्येक आठवड्यांनी दोघं पोटभर जेवली. त्यांना जेवताना बघत असतानाच मंदाकिनीला उमगलं, की या दोघांना सोडवायचा रस्ता आपल्याला सापडला आहे.

सकाळी तिने करून बघितलं.

"अहो, आज आपण कोणती भाजी आणायची बरं? लांब लांब, हिरवी हिरवी, दांडूसारखी... ओळखा पाहू!"

दिगंबरांनी पेपर खाली घेतला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, बायको त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती. "शेवगा?" ते बिचकत म्हणाले.

"शाब्बास!"

दुपारपर्यंत कडं हिरवंगार.

मग तो रिवाजच पडला. सकाळचा चहा, संध्याकाळचं जेवण, मधे एखादा फोन, एवढ्या वेळापुरती मंदाकिनी शाळेत जायची. दिगंबरही बिचारे वर्गात बसल्यासारखे नीट उत्तरं द्यायचे. एकदा तर डाळीत मीठ कमी आहे हे सांगायला त्यांनी बोट वर केलं. केतकी नाशिकला परतली. चष्म्याच्या दुकानाचं कुलूप निघालं. रुग्णालयाकडून संदेश आला, की प्रकृती उत्तम असल्याने मुजावर डॉक्टरांची भेट रद्द केली आहे, आपलं अभिनंदन.

आणि दिगंबर दुकानात गेले, की मंदाकिनी दिवसभर कुणाशी बोलायची नाही. गप्प राहण्याचं मोजमाप सोबतीला येत नव्हतं. न्हाणीघरातला आरसा तिने टॉवेल टाकून झाकला होता. 'टॉवेल वाळत घातलाय' असं दिगंबरांना वाटायचं.

याच दिवसांत तिची गोळी सुटली.

कर्करोगाच्या काही गाठींना बाईच्या शरीरातलंच एक संप्रेरक खतासारखं लागतं. मंदाकिनीची गाठ त्यातली होती. गाठ काढली, तरी एखादी पेशी कुठे दडून राहिली असेल तर तिला ते खत मिळू नये, म्हणून रोज एक गोळी, पाच वर्षं. ती गोळी म्हणजे राखण होती. तिने सांधे दुखायचे, अंगातून एकदम वाफा निघायच्या. एका सकाळी ती घ्यायची राहिली. दुसऱ्या सकाळी आठवली आणि तरी घेतली नाही. राग नव्हता, निश्चय नव्हता. 'कशाला' एवढा एकच शब्द मनात होता. मरावं असं तिने ठरवलं नव्हतं. जगावं असंही ठरवलेलं नव्हतं. ती रोज पाकिटातून एक गोळी फोडायची आणि चष्म्याच्या रिकाम्या डबीत टाकायची. तशा डब्या त्या घरात पैशाला पासरी. दिगंबर पाकिटाकडे बघायचे, दिव्याकडे बघायचे आणि दुकानात जायचे.

दोन महिने असे गेल्यावर मुजावर डॉक्टरांचा फोन आला.

"शेवाळे बाई, तुमचा आलेख आमच्याकडे सगळ्यात सुंदर आहे! मेळाव्याला या ना. बायकांशी चार शब्द बोला. आणि एक विनंती आहे. आपल्या भागातल्या किती जणींचं आजारापूर्वीचं काही रेकॉर्डिंगच नसतं. त्यांना आम्ही शहरातल्या सरासरीशी ताडतो आणि ते जुळत नाही. तुम्ही इथल्या, तुमची भाषा इथली. तुमचा आवाज त्यांच्यासाठी नमुना म्हणून भरला तर? तुमच्या एका होकाराचा प्रश्न आहे."

फोन स्पीकरवर होता. तिने तोंड उघडायच्या आत दिगंबर म्हणाले, "अहो, विचारता काय! भरा!" पुढचे चार दिवस त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर ही बातमी दिली.

मेळावा रुग्णालयाच्या वरच्या सभागृहात होता. बायका डबे घेऊन, मुली-सुना घेऊन आल्या होत्या. जिना चढतानाच मागून हाक आली, "ओ शेवाळे बाई! वळखलं का न्हाय?"

मसूर गावची शालन कणसे. वॉर्डात शेजारच्या खाटेवर होती. दोघींची शस्त्रक्रिया एकाच दिवशी झाली होती आणि भुलीतून जागी होताच शालनने पहिला प्रश्न विचारला होता, "म्हस पिळली का?"

"शालनताई! कशा आहात?" मंदाकिनी शाळेतल्या आवाजात म्हणाली.

"तांबडी!" शालन हसली. "सासू म्हणती, हिच्या फळीवर यष्टीचा मागचा दिवा बसवलाय. पर खरं सांगू का बाई? त्यो तांबडा हाय म्हणून मुजावर डाक्टरीण दर आठवड्याला फोन करत्यात. पयल्या बारीला नुसती रडले. त्या बी गप ऐकत बसल्या. मग गोळ्या दिल्या डोक्याच्या. आता झोप लागती. परवा कालवण चांगलं झालं तर माझं मलाच बरं वाटलं."

"मग दिवा?"

"तांबडाच की!" शालनचं हसू मावळलं. "माझं बोलणं आधी कोण टिपून ठेवणार? म्हशींम्होरं बोलणारी बाई मी. आता म्हणं तुमचा आवाज बसवणारेत माझ्या दिव्यात. मग माझा बी हिरवा व्हईल का वो?" ती एक पायरी चढली आणि थांबली. "दोघींचं एकाच दिवशी कापलं. तुमचा हिरवा, माझा तांबडा. म्या इचार करते, खोट माझ्यातच असंल."

मंदाकिनी पायऱ्या चढता चढता हिशेब करू लागली.

गणित अवघड नव्हतं. दुसरीतल्या पोराला सुटलं असतं. तिचा शाळेतला आवाज शालनच्या दिव्यात भरला, की शालन पूर्ण बरी झाली तरी तांबडीच राहणार. तिच्यासारख्या शेकडो जणी, ज्या आयुष्यात कधी चाळीस पोरांपुढे उभ्या राहिल्या नाहीत, त्या सगळ्या तांबड्या. एक तर स्वतःतच खोट शोधत बसतील, नाहीतर आपल्यासारखं सोंग शिकतील. आणि खरं सांगितलं तर? केतकी पुन्हा पहिल्या बसने निघणार. दुकानाला पुन्हा कुलूप. दोन महिने पोटभर जेवलेली माणसं पुन्हा ताटावरून उठणार.

डॉक्टरांनी तिला पुढे बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ उमटणार होती. पहिल्या रांगेत दिगंबर नवा शर्ट घालून बसले होते.

"नमस्कार मैत्रिणींनो!" रेघ कारंज्यासारखी उसळली. "आपण सगळ्या किती शूर आहोत, माहीत आहे ना? औषध वेळेवर घ्यायचं, व्यायाम करायचा आणि हसायचं! कळलं का सगळ्यांना?"

"होऽऽ बाई!" सबंध सभागृह एका सुरात म्हणालं आणि मग स्वतःच खो खो हसलं. लहानपणी घोटलेली सवय. अशी बाई प्रत्येकीला कधी ना कधी शिकवून गेली होती. सगळ्यांत मोठ्याने शालन म्हणाली होती. हसून झाल्यावरही ती मंदाकिनीकडे मान उंचावून बघत होती, उत्तर आपल्याला जमेल का असं विचारणाऱ्या पोरीसारखी.

मंदाकिनी थांबली. एवढा वेळ थांबली, की पडद्यावरची रेघ जमिनीला टेकली.

"आता फळ्याकडे बघा," ती म्हणाली. "मी एकच वाक्य दोनदा म्हणते. 'आज भाजी कोणती करायची बरं?'" रेघ उडी मारून वर गेली. "हे बघितलंत? आता पुन्हा."

ती पुन्हा म्हणाली, घरातल्या आवाजात. रेघ जेमतेम सरपटली.

"पहिली ती शाळेतली बाई. दुसरी मी. सोबतीला दिलेलं सगळं बोलणं शाळेतलं होतं. माझं घरातलं बोलणं कुणी टिपलंच नव्हतं. तेव्हा मी शाळेतल्यासारखी बोलले, की तो हिरवा होतो. दोन महिने मी तेच करतेय. घरी. नवऱ्याशी." तिने दिगंबरांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलवलं नसतं. "मी बरी नाहीये. कर्करोगाची गोळी मी दोन महिन्यांपूर्वी बंद केली. हे कुणालाच माहीत नाही. सकाळी का उठायचं, ते मला कळत नाही. डॉक्टर, माझा आवाज कुणाच्या दिव्यात भरू नका. शालनताई, खोट तुमच्यात नाही."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी हलकेच म्हणालं, "म्हणजे आमच्यासारखंच की." दुसरी म्हणाली, "मी पण हसून बोलते त्याच्यापुढं. पोरगा काळजी करतो म्हणून." तिसरीने नुसता हात वर केला. शालन उठली, पाण्याची बाटली घेऊन पुढे आली आणि मंदाकिनीला खुर्चीवर बसवत म्हणाली, "आता गप बसा. लई बोललात."

मुजावर डॉक्टरांनी पडदा बंद करायला लावला. "आम्ही आवाज मागितला," त्या म्हणाल्या. "कुठला, ते विचारलं नाही. चूक आमची. हा नमुना वापरायचा नाही."

बाहेरच्या बाकावर दिगंबर बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मंदाकिनी शेजारी जाऊन बसली. ते रागावतील, रडतील, असं तिला वाटलं होतं.

"माझ्या दुकानात मशीन आहे," ते समोर बघतच म्हणाले. "डोळा लावला की नंबर छापून देतं. तरी मी त्याच्यावर भिंग कापत नाही. गिऱ्हाइकाला विचारतो, हे बरं दिसतंय की हे? आधीचं की आताचं? लोक कंटाळतात, तरी विचारतो. आणि घरात मात्र..."

"तुम्ही विचारलं असतंत, तरी मी 'बरं आहे' म्हणाले असते."

"म्हणाली असतीस. मी परत विचारलं असतं."

हे खरं होतं.

"गोळ्या टाकल्यास कुठे?"

"चष्म्याच्या डबीत. चॉकलेटी."

"ती चांगली डबी आहे गं," दिगंबर म्हणाले आणि मग दोघांनाही एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता दिगंबरांना हुंदका आला. त्यांनी तो लपवला नाही.

मुजावर डॉक्टरांनी त्या दिवशी तिला घाई केली नाही. सांधे दुखत होते तर सांगायचं होतं, त्यावर उपाय आहे, फार त्रास झाला तर गोळी बदलताही येते, असं सांगितलं. मनासाठी वेगळी गोळी दिली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतील, एकदम उजाडेल अशी वाट बघू नका, म्हणाल्या. दर आठवड्याला भेटायचं ठरलं. "बुडालेले दोन महिने?" मंदाकिनीने विचारलं. त्या म्हणाल्या, "रक्त तपासू, काय ते बघू. गोळी मात्र आजपासून." तिथल्याच पाण्याने तिने ती घेतली.

बरोबर आणलेल्या सोबतीतून मूळ आवाज पुसून टाकला. नवा कुठला भरायचा, हा प्रश्न होताच. "सध्या रिकामं ठेवू, शहरातली सरासरीही नको," डॉक्टर म्हणाल्या. ताडायला काहीच नसलं, की सोबती काळजीच्या बाजूला झुकतो. घरी येऊन फळीवर ठेवला, तो तांबडा लागला.

पाच मिनिटांत केतकीचा फोन.

"आई! तांबडा का झाला? काय झालं? पप्पा कुठायत? मी निघते, सातची बस मिळेल मला..."

"केतू, येऊ नकोस."

"अगं पण तांबडा..."

"असू दे तांबडा. तू आधी विचार."

"काय विचारू?"

"कशी आहेस, ते."

केतकीला आठवेना, की हा प्रश्न आपण आईला शेवटचा कधी विचारला होता.

"आई," ती जपून म्हणाली. "कशी आहेस?"

मंदाकिनीने खुर्ची ओढून घेतली. केतकी थांबली होती. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता.

"बरी नाहीये," मंदाकिनी आपल्या ठेंगण्या, खरखरीत आवाजात म्हणाली. "तुला वेळ आहे ना? मग सांगते."

"आहे," केतकी म्हणाली. "सांग."

मंदाकिनीने सांगायला सुरुवात केली.